वर्ड २००३ वरून वर्ड २०२४ वर: फोर्टमधल्या एका वकिली कार्यालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कार्यालय मुंबईच्या फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत आहे. दोन भागीदार वकील, तीन कनिष्ठ, चार टायपिस्ट आणि एक कारकून. काम मुख्यतः गृहनिर्माण सोसायट्यांचं: पुनर्विकासाचे करार, मानीव अभिहस्तांतरणाचे अर्ज, सभासदांना नोटिसा, दिवाणी न्यायालयातली प्रतिज्ञापत्रं. मजकूर बहुतेक इंग्रजीत. नोटिसा, मृत्युपत्रं आणि काही करारनामे मात्र मराठीत.

वकिलांच्या लॅपटॉपवर वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्या होत्या, पण टायपिस्टांच्या चारही मशीनवर वर्ड २००३. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी या आवृत्तीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि मदत, बंद केला, तरी ती इथे आणखी अकरा वर्षं चालली. काम अडत नव्हतं, म्हणून कुणी हात लावला नाही. डॉकएक्स या नव्या स्वरूपाच्या फाइली उघडण्यासाठी लागणारा कम्पॅटिबिलिटी पॅक २०१८ मध्ये काढून घेतला गेला. त्यामुळे पुन्हा बसवलेल्या एका मशीनवर बाहेरून आलेली डॉकएक्स फाइल उघडतच नसे. मग कारकून समोरच्याला फोन करून म्हणायचा, "जरा जुन्या डॉकमध्ये करून पाठवता का?" पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच कार्यालयांत हे वाक्य रोज ऐकू यायचं.

बदलाची वेळ का आली

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. चारही मशीन त्याआधीची होती, म्हणजे नवी घेणं आलंच. त्यांच्यावर वर्ड कुठलं चालवायचं, एवढाच प्रश्न उरला होता. निदान जुलैमध्ये तरी सगळ्यांना तसं वाटत होतं.

समोर असलेले पर्याय

जुनी सीडी नव्या मशीनवर चढवायची, ही ज्येष्ठ टायपिस्टची सूचना होती. विंडोज ११ वर वर्ड २००३ बऱ्याचदा चालतंही. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या आवृत्तीत बाहेरून आलेल्या ईमेलमधल्या फाइली उघडायच्या, तेही अशिलांच्या कागदपत्रांसोबत, हे भागीदारांना पटलं नाही. ते योग्यच होतं.

लिब्रेऑफिस फुकट आहे, त्यात मराठी इंटरफेस मिळतो आणि मेनूंची रचना २००३ च्या जवळची आहे. टायपिस्टांना हाच पर्याय सगळ्यात सोपा गेला असता. एका जुन्या करारावर चाचणी घेतली. मजकूर नीट उघडला, पण बहुस्तरीय कलमांचे क्रमांक दोन ठिकाणी सरकले. बिल्डरच्या वकिलांशी ट्रॅक चेंजेस (प्रत्येक खोड आणि भर फाइलमध्ये नोंदवणारी सोय) चालू ठेवून मसुदा चार-पाच वेळा इकडून तिकडे जातो, आणि तिथे सगळे वर्ड वापरतात. कार्यालयाचं काम फक्त स्वतःपुरतं असतं, तर आम्हीही लिब्रेऑफिसच सुचवलं असतं.

मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरली की आवृत्तीची चिंता मिटते, मात्र पडदा अधूनमधून आपोआप बदलत राहतो. टायपिस्टांसाठी हीच अडचण होती.

ऑफिस २०२१ (वर्ड याच संचात येतं) एका विक्रेत्याकडे स्वस्तात मिळत होतं, पण त्याचा आधार १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. जेमतेम वर्षभरासाठी पैसे घालण्यात अर्थ नव्हता. ऑफिस २०२४ चा आधार ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे. पैसे एकदाच भरायचे, परवाना एका मशीनपुरता. होम अँड बिझनेस आवृत्तीचे चार परवाने घेतले. इथवरचे सगळे निर्णय नीट विचार करून झाले होते.

निर्णयाचा पहिला टप्पा: कधी आणि कुणासमोर

मशीन गणपतीच्या आठवड्यात बसवायची ठरली, कारण तेव्हा कार्यालय रिकामं असतं. चारपैकी तीन टायपिस्ट कोकणात गेले होते. तंत्रज्ञाने जुन्या मशीनमधले 'डॉक्युमेंट्स' फोल्डर नव्या मशीनवर उतरवले, प्रिंटर जोडला, वर्ड उघडतंय ना ते पाहिलं आणि बिल दिलं.

त्याच्या दृष्टीने काम पूर्ण झालं होतं. पण टायपिस्ट ज्याला 'माझं वर्ड' म्हणायचे, त्यातलं फारच थोडं डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये होतं. बाकीचं होतं नॉर्मल डॉट या साच्यात, ऑटोकरेक्टच्या यादीत, फॉन्टच्या फोल्डरमध्ये आणि कधीकाळी बदललेल्या पंधरा-वीस सेटिंगमध्ये. ही सेटिंग कुणी आणि कधी बदलली, हे कुणालाच आठवत नव्हतं. जे वापरणार तेच बसवताना समोर नव्हते, म्हणून हे विचारायचं राहून गेलं. पुढचे जवळजवळ सगळे खोळंबे इथूनच निघाले.

पानं वाढली

रिबनची, म्हणजे मेनूंच्या जागी आलेल्या बटणांच्या रुंद पट्टीची, तक्रार पहिल्या दिवशी सर्वांनी केली आणि दोन आठवड्यांत ती विरली. खरी अडचण पानांची निघाली.

एका प्रतिज्ञापत्राचा मसुदा जुन्या मशीनवर ३८ पानांचा होता. अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली आणि परिशिष्टांचे पानक्रमांक तिच्यात लिहिलेले. नव्या मशीनवर छापल्यावर तोच मजकूर ४३ पानांवर गेला. बांधणीच्या वेळी कारकुनाच्या लक्षात आलं: "सर, अनुक्रमणिकेत परिशिष्ट 'अ' एकोणचाळीसवर आहे, इथे तर अजून उत्तरच चाललंय."

कारणं दोन होती आणि ती एकमेकांत मिसळली होती.

पहिलं कारण चिकटवण्याचं. टायपिस्टने नवी कोरी फाइल उघडून तिच्यात जुना मजकूर चिकटवला होता. स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार आणि अंतर यांचा नाव दिलेला संच. वर्ड २००३ मध्ये नॉर्मल स्टाइल म्हणजे टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट, एकेरी ओळ. वर्ड २०२४ मध्ये तीच ॲप्टोस, १२ पॉइंट, ओळींमधलं अंतर १.१६ आणि प्रत्येक परिच्छेदानंतर ८ पॉइंट मोकळी जागा. दोन फाइलींतल्या एकाच नावाच्या स्टाइलमध्ये फरक असेल, तर चिकटवताना वर्ड मुळातच नव्या फाइलची स्टाइल लावतं. फॉन्ट बदललेला दिसला, म्हणून टायपिस्टने तो परत टाइम्स केला. परिच्छेदामागची ८ पॉइंट जागा मात्र कुणाला दिसली नाही. अडतीस पानांत ती साठत गेली.

दुसरं कारण रूपांतराचं. जुनी डॉक फाइल नव्या वर्डमध्ये थेट उघडली की शीर्षकपट्टीवर 'कम्पॅटिबिलिटी मोड' दिसतं आणि मांडणी बहुतांशी जुन्यासारखी राहते. एका टायपिस्टला ते शब्द बिघाडासारखे वाटले, म्हणून तिने 'फाइल'मधल्या 'इन्फो'त जाऊन 'कन्व्हर्ट' दाबलं. रूपांतर झालं की नवं मांडणीयंत्र लागू होतं. दोन्ही कडांना सरळ केलेल्या ओळीतल्या मोकळ्या जागा वेगळ्या हिशेबाने बसतात, कोष्टकांच्या डाव्या कडा किंचित सरकतात. त्यात प्रिंटर नवा, ड्रायव्हर नवा. एखादी ओळ खालच्या पानावर गेली की पुढची सगळी पानं तिच्यामागे ढकलली जातात.

इथे कार्यालयासमोर दोन वाटा होत्या. सगळ्या जुन्या फाइली एकदाच डॉकएक्समध्ये बदलून टाकायच्या आणि मोकळं व्हायचं, हे कनिष्ठ वकिलांचं मत. किंवा चालू प्रकरणं जुन्याच स्वरूपात संपवायची आणि नव्या स्वरूपात फक्त नवी प्रकरणं घ्यायची. दुसरी वाट धरली, आणि आमच्या मते या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय हाच. दाखल झालेल्या कागदपत्रांत पानक्रमांकाचे उल्लेख असतात, समोरच्या वकिलाच्या उत्तरात असतात, कधी न्यायालयाच्या आदेशातही असतात. सात महिने चाललेल्या दाव्याची फाइल मध्येच पानं बदलून चालत नाही.

मराठी मजकूर

मराठी नोटिसा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत्या. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी प्रमाणित पद्धत.) अशा फॉन्टमध्ये प्रत्येक मराठी आकार इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असतो. नव्या मशीनवर फॉन्टच नव्हता, म्हणून नोटीस उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांग. जुन्या मशीनमधून फॉन्ट आणून बसवल्यावर मजकूर दिसू लागला, आणि त्यानंतरचा बिघाड जास्त घातक होता, कारण तो एखाद्या अक्षरापुरताच होता.

टाइप करताना वर्ड वाक्याचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत बदलतं. जुन्या फॉन्टमध्ये छोटं आणि मोठं इंग्रजी अक्षर म्हणजे दोन वेगळे मराठी आकार, त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीचं अक्षरच बदलतं. सरळ अवतरणचिन्ह गोल होतं, तिथे भलताच जोडाक्षराचा तुकडा येतो. दोन संयोगचिन्हांची रेघ होते, एकटं 'आय' अक्षर मोठं होतं. वर्ड २००३ मध्येही हे सगळं होतंच, पण कुणीतरी पूर्वीच ते बंद करून ठेवलं होतं. उपाय साधा आहे: फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. तिथल्या 'ऑटोकरेक्ट' आणि 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' या दोन्ही पानांवरच्या खुणा काढायच्या. एकाच पानावरच्या काढल्या तर अवतरणचिन्हांचा घोळ तसाच राहतो, कारण ती खूण दुसऱ्या पानावर आहे. शिवाय त्या मजकुरासाठी वेगळी स्टाइल करून तिला 'शुद्धलेखन तपासू नये' असं लावायचं, नाहीतर सगळं पान लाल नागमोडी रेघांनी भरतं.

हा तात्पुरता इलाज झाला. वापरात असलेले मराठी साचे युनिकोडमध्ये नेण्याचं ठरलं. ते काम रूपांतरकाने मिनिटात होतं आणि तपासायला दिवस जातात. चुका ठरावीक जागी निघतात:

- 'लिहून देणाऱ्याने', 'लिहून घेणाऱ्याने' हे शब्द प्रत्येक दस्तात असतात. रूपांतरकाने त्यांचं 'देणार्याने', 'घेणार्याने' केलं. सरसकट शोधून बदलता येत नाही, कारण 'कार्यालय', 'पर्याय', 'मर्यादा' यांतही तेच जोडाक्षर आहे आणि तिथे ते बरोबर आहे. कंट्रोल-एचने एकेक पाहून बदलावं लागलं.
- पहिली वेलांटी आणि रफार जुन्या फॉन्टमध्ये दिसतात त्या क्रमाने टाइप होतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. जोडाक्षरापाशी ते एक अक्षर पुढे-मागे पडतात.
- 'ॲ' च्या जागी 'अ' आणि वर वेगळी चंद्रकोर येते. दिसायला सारखंच, पण शोध घेतला की सापडत नाही.
- मराठी उताऱ्यातले इंग्रजी शब्द आणि आकडे. हे सर्वात धोक्याचं. शहर भागात सी. एस. क्रमांक, उपनगरात सी. टी. एस. क्रमांक, त्याच्यापुढे तिरकी रेघ आणि उपविभाग. त्यातला एखादा आकडा वा रेघ बदलली तर मिळकतच वेगळी होते.

आकड्यांसाठी एकाने जुनी छापील प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवायचं, अशी पद्धत ठेवली. त्याहून चांगला मार्ग आम्हाला माहीत नाही.

आणखी दोन गाठी सोडवाव्या लागल्या. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा ठेवतं. स्टाइल बनवताना फॉन्टच्या खिडकीतला वरचा 'लॅटिन' भाग भरून उपयोग नाही, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग भरावा लागतो. तसंच कोऱ्या विंडोज ११ वर मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट असतातच असं नाही. 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्यावे लागतात. नाहीतर मंगलमधली फाइल निर्मला यूआयमध्ये दिसते आणि ओळींची उंची बदलून पुन्हा पानांचा घोळ.

कीबोर्डही राहिलाच. टायपिस्ट टंकयंत्रावर, रेमिंग्टन मांडणीवर शिकलेले. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे कीबोर्ड येतात, रेमिंग्टन येत नाही. पन्नाशीच्या टायपिस्टला इनस्क्रिप्ट शिकवायचं की रेमिंग्टनचा वेगळा कीबोर्ड बसवायचा? वेगळा बसवला. तरुण टायपिस्टने स्वतःहून इनस्क्रिप्ट निवडला.

न दिसलेल्या दुरुस्त्या

सप्टेंबरच्या मध्यात एका सोसायटीच्या पुनर्विकास कराराचा मसुदा बिल्डरच्या वकिलाकडे गेला. त्यात सोसायटीच्या समितीने सुचवलेल्या दुरुस्त्या होत्या, आणि समितीला किती कॉर्पस (बिल्डरने सोसायटीला द्यायचा निधी) किमान चालेल याचा एक खोडलेला आकडाही.

वर्ड २००३ मध्ये ट्रॅक चेंजेस चालू असले की खोडलेला मजकूर आणि भर रंगात समोर दिसते. वर्ड २०१३ पासून 'सिम्पल मार्कअप' हे दृश्य मुळातच लागू असतं: पान स्वच्छ, फक्त समासात एक लाल उभी रेघ. टायपिस्टला पान स्वच्छ दिसलं, म्हणजे सरांनी दुरुस्त्या स्वीकारल्या असं तिने धरलं. तपासायला छापून काढलेली प्रतही स्वच्छच आली. फाइल गेली. समोरच्याने 'ऑल मार्कअप' निवडलं आणि खोडलेला आकडा वाचला.

या टप्प्यावर दोष कुणाचा यावर बराच वेळ गेला. टायपिस्टचा नव्हता, हे सांगणं भाग आहे. बाहेर जाणारी फाइल कोण तपासणार हे कधी ठरलेलंच नव्हतं, कारण आजवर लाल रंगच तपासणीचं काम करत होता. लगेच चार गोष्टी ठरल्या. 'रिव्ह्यू'मध्ये दृश्य कायम 'ऑल मार्कअप'वर ठेवायचं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलची आधी वेगळी प्रत करायची, आणि त्या प्रतीवर इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट चालवायचं. मूळ फाइलवर चालवलं तर आपल्याच टिपा जातात. अंतिम मसुदा असेल तर पीडीएफच पाठवायची. ईमेलचं 'सेंड' कनिष्ठ वकिलाने दाबायचं, टायपिस्टने नाही.

मॅक्रो आणि ऑटोटेक्स्ट

रक्कम लाख-कोटीत अक्षरी लिहिणारा एक मॅक्रो आणि पहिलं पान एका ट्रेमधून व बाकीची दुसऱ्या ट्रेमधून छापणारा दुसरा, असे दोन मॅक्रो, म्हणजे वर्डमध्ये आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम, होते. ऑफिस २०२४ मुळातच ६४ बिटचं बसतं. ट्रेचा मॅक्रो विंडोजच्या फंक्शनला थेट हाक मारत होता. 'पीटीआर-सेफ' शब्दाशिवाय लिहिलेली अशी घोषणा ६४ बिटमध्ये चालत नाही. दोन्ही मॅक्रो एकाच मॉड्यूलमध्ये असल्याने निर्दोष असलेला रकमेचा मॅक्रोही अडला. तो वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढताच चालू लागला. ट्रेच्या मॅक्रोची गरजच नव्हती: पेज सेटअपमधल्या 'पेपर' पानावर पहिलं पान आणि इतर पानं यांचे ट्रे वेगळे निवडता येतात, आणि ते साच्यात साठवता येतं.

एफ-३ दाबून येणारे ऑटोटेक्स्टचे (साठवून ठेवलेल्या तयार मजकुराचे) तुकडे जुन्या नॉर्मल डॉटमध्ये होते. ती फाइल वेगळ्या नावाने डॉटएम स्वरूपात साठवून वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवली. सगळे तुकडे परत आले, एफ-३ ही पूर्वीसारखंच. नव्या नॉर्मल डॉटएमवर जुनी फाइल लादली नाही, हे बरं झालं. लादली असती तर दोन आवृत्त्यांची सेटिंग एकमेकांत अडकली असती.

हाताची सवय

यावर थोडंच सांगण्यासारखं आहे. जुन्या मेनूंच्या बऱ्याच ऑल्ट-कळा अजून चालतात: ऑल्ट-ई-एस ने पेस्ट स्पेशल, ऑल्ट-ओ-पी ने परिच्छेदाची खिडकी, ऑल्ट-आय-बी ने ब्रेक. हे कळल्यावर ज्येष्ठ टायपिस्टचा निम्मा राग गेला. तो कंट्रोल-एफ१ ने रिबन मिटवूनच काम करतो. रोजच्या डझनभर आज्ञा क्विक ॲक्सेस टूलबारवर एका मशीनवर लावल्या, त्याची फाइल एक्स्पोर्ट करून बाकी तीनवर आणली. कंट्रोल-एफ आता डावीकडे नेव्हिगेशनची पट्टी उघडतं, शोधून बदलण्याच्या जुन्या खिडकीसाठी कंट्रोल-एच.

निष्पन्न

दिवाळीपर्यंत नवी प्रकरणं पाच साच्यांवर आली. साच्यांत स्टाइल नेमलेल्या, कलमांचे क्रमांक आपोआप, अनुक्रमणिका फील्डने (वर्ड स्वतः भरतं अशा जागेने) तयार होणारी; छापण्याआधी कंट्रोल-ए आणि एफ-९ दाबून ती ताजी करायची. सर्वोच्च न्यायालयासाठीचा साचा २०२० च्या परिपत्रकाप्रमाणे: ए-४, टाइम्स न्यू रोमन १४, ओळींमध्ये दीड अंतर, डावी-उजवीकडे ४ सेंमी आणि वर-खाली २ सेंमी समास. जुनी चालू प्रकरणं डॉक स्वरूपातच आहेत. एक जुनं मशीन नेटवर्कची तार काढून कोपऱ्यात ठेवलंय, मूळ पानसंख्या पडताळायला.

पुनर्विकासाच्या त्या कराराची बोलणी पुढे गेली, पण कॉर्पसचा आकडा समितीने धरलेल्या किमान रकमेच्या वर फारसा सरकला नाही. याचा किती भाग त्या फाइलमुळे, हे मोजता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

आधी एकच मशीन बदलायला हवं होतं, तेही टायपिस्ट जागेवर असताना आणि कोर्टाच्या सुट्टीत. जुन्या मशीनच्या प्रत्येक सेटिंगच्या खिडकीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला असता तरी अर्धा शोध वाचला असता. बसवताना ३२ बिट निवडता येत होतं; जुन्या मराठी पॅकेजचा वर्डमधला टूलबार त्यामुळे कदाचित चालला असता. मात्र युनिकोडकडे जायचंच होतं, म्हणून या मुद्द्यावर मतं अजून दोन आहेत.

'सिम्पल मार्कअप'चा धोका आधी ओळखता आला असता. वकिलांच्या लॅपटॉपवर तेच दृश्य कित्येक वर्षं होतं. त्यांनी ते बदलून घेतलं होतं, टायपिस्टांना सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही.

जुन्या फॉन्टमधल्या संग्रहाचं काम बाकी आहे. सगळं युनिकोडमध्ये नेणं परवडणारं नाही. मृत्युपत्रं आणि मुदत न संपलेले भाडेपट्टे आधी घ्यायचे, जुन्या मशीनवर पीडीएफ प्रिंटर बसवून त्यांच्या प्रती काढायच्या (वर्ड २००३ स्वतः पीडीएफ करत नाही), आणि फॉन्टच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये ठेवायच्या, असं ठरलं आहे. यासाठी नाताळच्या सुट्टीतले दिवस राखून ठेवलेत, आणि या वेळी ज्येष्ठ टायपिस्ट मशीनसमोर असणार आहे.